वाचक विचारतात : जगाच्या सफरी, ऋतू आणि दिवसांचा हिशेब

या महिन्याच्या पत्रांत ठिकाणं नऊ आहेत, पण बहुतेकांचा घोळ एकच आहे. ठिकाण ठरवलं, हॉटेल बघितलं, आणि 'कोणता महिना' व 'कितव्या दिवशी काय' हे शेवटी उरलं. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी. ज्या पत्रांत तारखा दिल्या होत्या, त्यांना उत्तर देणं सोपं गेलं.

प्रश्न : डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला तीन रात्री राहणार आहोत. सहल आयोजकाने अरोरा (ध्रुवाजवळच्या रात्रीच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश) दिसण्याची 'गॅरंटी' दिली आहे. तीन रात्री पुरतील का?

आधी ती गॅरंटी कशाची आहे ते वाचा. बहुतेक ठिकाणी तिचा अर्थ 'दिसला नाही तर दुसऱ्या रात्रीची फेरी फुकट' एवढाच असतो. तिन्ही रात्री ढगाळ गेल्या तर फुकटची चौथी फेरी घ्यायला तुम्ही तिथे नसाल.

ट्रॉम्सो ६९ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर आहे, म्हणजे अरोराच्या पट्ट्याच्या जवळपास खालीच. त्यामुळे तिथे मोठ्या सौरवादळाची वाट बघावी लागत नाही. भूचुंबकीय हालचाल ० ते ९ मध्ये मोजणारा जो केपी निर्देशांक सगळे मोबाइलवर बघत बसतात, तो तिथे १ किंवा २ असला तरी काम भागतं. अडतं ते ढगांपाशी. अरोरा शंभर-एक किलोमीटर उंचीवर असतो आणि ढग त्याच्या कितीतरी खाली, त्यामुळे वर केवढाही सोहळा चालू असला तरी खालच्याला काही कळत नाही. म्हणून केपीपेक्षा ढगांचा अंदाज बघा, आणि तोही खालचे, मधले, वरचे ढग वेगवेगळे दाखवणारा. वरच्या पातळ ढगांतून प्रकाश झिरपतो. खालच्या दाट ढगांतून काहीच येत नाही.

ट्रॉम्सो किनाऱ्यावर आहे. समुद्राच्या उबेमुळे थंडी त्या मानाने सौम्य, पण ढग आणि बर्फवृष्टी भरपूर. चांगले वाटाडे म्हणूनच शहरात थांबत नाहीत, दोन-अडीच तास गाडी हाकत फिनलंडच्या सीमेकडे, डोंगरांच्या पलीकडच्या कोरड्या हवेत नेतात. फेरी निवडताना 'किती लांब जाता' हे विचाराच. पाच रात्री जमत असतील तर दोन रात्री स्वीडनमधल्या अबिस्कोला काढा. पश्चिमेचे डोंगर ओलावा अडवतात, त्यामुळे तिथल्या टोर्नेट्रेस्क तलावावरचं आकाश आजूबाजूच्या मानाने पुष्कळदा मोकळं असतं.

डिसेंबरबद्दल आणखी एक. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी काही तास निळसर उजेड, बाकी अंधार. काहींना तो फार आवडतो, काहींना दुसऱ्याच दिवशी गुदमरायला होतं. तारखा बदलता येत असतील तर मार्च घ्या. विषुवदिनाच्या आसपास अरोराची हालचाल वाढलेली असते, दिवसा भटकायला ऊन मिळतं आणि रात्रही पुरेशी काळोखी असते. एप्रिलच्या मध्यानंतर मात्र आकाश पुरतं काळं होईनासं होतं.

प्रत्यक्ष आकाशाखाली उभे असताना घ्यायची खबरदारी : सुरुवातीचा अरोरा हिरवा दिसत नाही. उत्तरेकडे आडवा, राखाडी, ढगासारखा पट्टा दिसतो आणि लोक 'आज काही नाही' म्हणून गाडीत जाऊन बसतात. शंका आली की मोबाइल रात्रीच्या मोडवर, कशाला तरी टेकवून, तीन सेकंदांचा फोटो काढा. फोटोत हिरवं उमटलं तर तो अरोरा आहे, जागा सोडू नका. कॅमेरा असेल तर ट्रायपॉड, आयएसओ १६०० ते ३२००, ॲपर्चर मोठ्यात मोठं, शटर ५ ते १० सेकंद, आणि फोकस हाताने एखाद्या ठळक ताऱ्यावर. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाशी ठेवा. परतताना कॅमेरा बाहेरच्या थंडीतच पिशवीत बंद करा, मगच खोलीत न्या. नाहीतर उबेत शिरताच काचेवर आणि आतही पाणी धरतं. बूट एक नंबर मोठे असावेत. दोन मोज्यांवर घट्ट बूट चढवले की रक्तपुरवठा अडतो आणि पाय आणखी गारठतात.

प्रश्न : पेरूला जातोय. विमान सकाळी कुस्कोला उतरेल. दुसऱ्या दिवशी माचू पिचू, तिसऱ्या दिवशी परत. धावपळ होईल का?

धावपळीपेक्षा डोकेदुखी होईल, शब्दशः. कुस्को समुद्रसपाटीपासून ३,४०० मीटरवर आहे. तिथे प्रत्येक श्वासाला समुद्रकाठच्या मानाने साधारण दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो. विमानातून थेट उतरलेल्या माणसाला पहिल्या संध्याकाळी डोकं जड होणं, मळमळ, झोप न लागणं हे पुष्कळदा घडतं. तरुण आणि व्यायाम करणाऱ्यालाही होतं, किंबहुना तोच पहिल्या दिवशी चढ चढायला जातो आणि आडवा होतो.

गंमत अशी की माचू पिचू कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली, २,४३० मीटरवर आहे. म्हणून क्रम उलटा करा. कुस्कोच्या विमानतळावरून गावात न जाता गाडीने तडक पवित्र खोऱ्यात उतरा. उरुबांबा किंवा ओयांतायतांबो, दोन्ही २,८०० मीटरच्या आसपास आहेत आणि रस्त्याने सुमारे दोन तास. तिथे दोन रात्री, मग माचू पिचू, आणि कुस्को शेवटी. तोवर शरीर रुळलेलं असतं आणि कुस्कोच्या चढणीच्या गल्ल्या हिंडाव्याशा वाटतात. पहिले दोन दिवस हलकं जेवण, भरपूर पाणी, मद्य बंद. हृदय किंवा फुप्फुसाचा त्रास असेल, किंवा प्रतिबंधक गोळी घ्यायची असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. आराम करूनही डोकेदुखी वाढत गेली, तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर उपाय एकच, खाली उतरणं. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा मिळेल, तो तिथेच प्या. त्याच्या पुड्या आठवण म्हणून बॅगेत टाकू नका, कारण कित्येक देशांत त्या अमली पदार्थांत मोडतात.

आता तिकिटं. २०२४ च्या जूनपासून माचू पिचूचा आतला परिसर तीन सर्किटांत आणि त्यांच्या दहा मार्गांत वाटला आहे. तिकीट एका मार्गाचं, एका तारखेचं आणि ठराविक तासाचं असतं. आत शिरल्यावर 'आता तिकडे पण बघू' चालत नाही. सर्किट १ वरच्या सज्ज्यांवरून जातं. कॅलेंडरवर असतो तो फोटो तिथून मिळतो, पण वस्तीत फारसं जाता येत नाही. सर्किट ३ खालून जातं. वास्तू जवळून दिसतात, पण तो फोटो मिळत नाही. सर्किट २ मध्ये दोन्ही मिळतं आणि म्हणूनच ते सगळ्यांत आधी संपतं. वाइना पिचूचं शिखर चढायचं असेल तर त्याचं तिकीट सर्किट ३ च्या मार्गांतलं. पुष्कळजण ते घाईने घेतात आणि तो प्रसिद्ध फोटो हुकला म्हणून हळहळतात. दोन्ही हवं असेल तर दोन तिकिटं लागतील.

जून ते ऑगस्टसाठी दोन-तीन महिने आधी नोंदणी करा. क्रम असा : आधी प्रवेशाचं तिकीट, मग त्या तासाला जुळणारी रेल्वे, मग हॉटेल. उलट केलंत की रेल्वे पोचते दहाला आणि तिकीट असतं आठचं. ओयांतायतांबोहून गाडी पावणेदोन-दोन तासांत पायथ्याच्या आग्वास कालिएंतेसला पोचवते. तिथून बस वळणावळणाने अर्ध्या तासात वर नेते, पण बसच्या रांगेतच कधी तास जातो. आदल्या रात्री पायथ्याशी मुक्काम केला तर हा सगळा ताण जातो. रेल्वेत मोठी बॅग घेत नाहीत, ती ओयांतायतांबोच्या हॉटेलात ठेवा. दारावर मूळ पासपोर्ट लागतो आणि तिकिटावर त्याचाच नंबर हवा. दरम्यान पासपोर्ट नवा काढला असेल तर जुनाही बरोबर न्या. आत स्वच्छतागृह नाही, प्रवेशदाराबाहेरच आहे.

चार दिवस चालत जाण्याचा इंका ट्रेल फेब्रुवारीत बंद असतो. बाकी वर्षभर हमाल आणि वाटाडे धरून दिवसाला ५०० जणांनाच सोडतात, म्हणजे पर्यटकांच्या वाट्याला जागा त्याच्या निम्म्याहून कमी.

प्रश्न : सुट्टी १४ एप्रिलपासून आहे. जपानमधली साकुरा (चेरीच्या झाडांचा बहर) तोवर संपलेली असेल का?

टोकियो आणि क्योटोतली बहुतेक संपलेली असेल. पण जपान दक्षिणोत्तर लांबलचक देश आहे आणि बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. तुम्ही फक्त त्याच्या मागोमाग जायचं.

सगळी झाडं एकदम का फुलतात आणि एकदम का संपतात, हे कळलं की बेत आखणं सोपं जातं. उद्यानांत आणि नदीकाठी लावलेली बहुतांश झाडं 'सोमेइ योशिनो' या एकाच जातीची आहेत आणि ती कलम करून वाढवलेली, म्हणजे जनुकीय दृष्ट्या एकाच झाडाच्या प्रती. हवामान सारखं असलं की सगळी बरोबरच उमलतात. टोकियोत बहर सुरू झाल्याची अधिकृत घोषणा यासुकुनी देवस्थानातल्या ठरावीक झाडावर पाच-सहा फुलं उमलली की होते. तिथून पूर्ण बहराला साधारण आठवडा, आणि पुढे पाकळ्या गळेपर्यंत आणखी एक. मध्ये वारा-पाऊस आला तर तोही पुरा होत नाही.

तुमच्या तारखांना तीन वाटा आहेत. पहिली, उशिरा फुलणाऱ्या जाती. क्योटोच्या निन्ना-जी देवळातली ओमुरो साकुरा बुटकी असते, फुलं थेट डोळ्यांच्या उंचीवर येतात आणि बहर एप्रिलच्या मध्याच्या आसपास असतो. ओसाकाच्या टांकसाळीच्या आवारातली दुहेरी पाकळ्यांची झाडंही त्याच सुमारास बघायला मिळतात. ते आवार वर्षातून आठवडाभरच उघडतं, तारखा त्या-त्या वर्षी जाहीर होतात. दुसरी, उंचावरची गावं : मात्सुमोतो, ताकायामा. ताकायामात १४ आणि १५ एप्रिलला वसंतोत्सवाचे रथ निघतात, पण त्या दोन रात्रींसाठी खोली महिनोन्‌महिने आधी जाते. तिसरी वाट उत्तरेची. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात काकुनोदाते आणि हिरोसाकी. हिरोसाकीच्या किल्ल्याचा खंदक गळलेल्या पाकळ्यांनी भरून जातो, पाणी दिसतच नाही, नुसता गुलाबी गालिचा. बहर ओसरल्यानंतरचे दोन-तीन दिवस तिथे बहरापेक्षा सुंदर असतात, असं आमचं ठाम मत आहे. टोकियोहून शिन-आओमोरीपर्यंत शिंकानसेन (बुलेट ट्रेन) सव्वातीन-साडेतीन तासांत जाते, पुढे लोकल गाडी. २९ एप्रिलपासून 'गोल्डन वीक'ची सुट्टी लागते आणि सगळा देश प्रवासाला निघतो, त्याआधी परत फिरा.

रेल्वे पासबद्दल विचारलं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये देशभराच्या सात दिवसांच्या पासची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली. टोकियो ते क्योटो एका बाजूचं तिकीट सुमारे १४,००० येन आहे, म्हणजे जाऊन-येऊन २८,००० च्या आसपास. नुसती ही दोन शहरं करणार असाल तर पास तोट्याचा. उत्तरेकडे जायचं असेल तर त्या विभागापुरते वेगळे पास असतात, ते बघा. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर जात असेल तर टोकियो–ओसाका मार्गाच्या शिंकानसेनमध्ये तिच्यासाठी मागची ठरावीक जागा आरक्षित करावी लागते. त्याचे वेगळे पैसे नाहीत, मात्र न करता चढलात तर दंड आहे.

प्रश्न : मालदीवमध्ये विमान संध्याकाळी पाचला उतरतं. रिसॉर्ट सी-प्लेनने जाण्याजोगं आहे. काही अडचण?

मोठीच. सी-प्लेन पाण्यावर उतरतं आणि फक्त दिवसाउजेडी उडतं. शेवटचं उड्डाण साधारण चार-साडेचारचं धरा, आणि ते गाठायला तुमचं विमान साडेतीनच्या आत उतरायला हवं. पाचला उतरलात तर ती रात्र विमानतळाजवळच काढावी लागेल, आणि रिसॉर्टच्या त्या रात्रीचे पैसे भरलेले असतील तर तेही गेले. एक तर विमान बदला, नाहीतर पहिली रात्र जाणूनबुजून हुलहुमालेत काढा आणि रिसॉर्टचं आरक्षण दुसऱ्या दिवसापासून करा. तिसरा उपाय म्हणजे स्पीडबोटीच्या टप्प्यातलं रिसॉर्ट. बोटी अंधारातही चालतात.

सी-प्लेनची जागा रिसॉर्टच आरक्षित करतं आणि नक्की वेळ आदल्या दिवशी कळते. परतीलाही तोच नियम : पहाटेचं आंतरराष्ट्रीय विमान असेल तर आदल्या दुपारीच निघावं लागतं. सामान २० किलो आणि हातातलं ५ किलो, वरच्या प्रत्येक किलोला पैसे. रिसॉर्टच्या जाहिरातीतल्या दरात हा प्रवास बहुधा धरलेला नसतो. माणशी जाऊन-येऊन ४०० ते ६०० डॉलर सहज होतात. दोन रिसॉर्टांची तुलना करताना हा आकडा मिळवून मग करा, पुष्कळदा 'स्वस्त' रिसॉर्ट महाग निघतं.

वस्तीच्या बेटांवरची गेस्ट हाउसं खूपच स्वस्त पडतात. तिथे मद्य मिळत नाही, बाहेरून देशात आणताही येत नाही, आणि पोहण्याचे कपडे ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच चालतात. शुक्रवारी सरकारी फेऱ्या बहुतेक बंद असतात. कोरडा मोसम डिसेंबर ते एप्रिल. तरी मांता रे मासे बघायचे असतील तर उलट पावसाळाच हवा. बा अटोल या प्रवाळबेटांच्या समूहातल्या हनिफारू खाडीत ते जून ते नोव्हेंबरमध्ये जमतात. तिथे फक्त स्नॉर्केलिंगला परवानगी आहे, टाकी लावून बुडी मारता येत नाही.

प्रश्न : कॅपाडोसियात दोन रात्री आहोत. बलूनची फेरी शेवटच्या सकाळी ठेवली तर चालेल?

पहिल्या सकाळी ठेवा. उडायचं की नाही हे तुर्कस्तानची विमान वाहतूक यंत्रणा वारा बघून पहाटे ठरवते, बलूनवाला नव्हे. आणि हिवाळ्यात सलग काही दिवसही फेऱ्या रद्द होतात. पहिली सकाळ हुकली तर दुसरी हातात उरते. तिसरी रात्र वाढवता आली तर अधिक बरं. टोपलीत बसायला जागा नसते, तासभर उभं राहायचं आणि उतरताना गुडघे वाकवून कड्या धरायच्या. गरोदर स्त्रियांना घेत नाहीत, अगदी लहान मुलांनाही नाही. हे सगळं जमणारं नसेल तर गोरेमेच्या टेकडीवरून दीडशे बलून उगवत्या उन्हात चढताना बघणं फुकट आहे, आणि फोटो तिथूनच चांगले येतात.

प्रश्न : सेरेंगेटीतलं विल्डबीस्ट या मोठ्या हरणवर्गीय प्राण्यांचं स्थलांतर बघायचं आहे. फेब्रुवारी बरा की जून?

'स्थलांतर' म्हटलं की ठरावीक तारखेला निघणारी मिरवणूक डोळ्यांसमोर येते. खरं तर ते वर्षभर चाललेलं चक्र आहे. दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट, बरोबर झेब्रे आणि गॅझेल, पावसामागे आणि गवतामागे टांझानिया आणि केनियाच्या माळांवर गोल फिरत असतात. त्यामुळे प्रश्न महिन्याचा आहे तेवढाच त्या महिन्यात तळ कुठे टाकायचा याचा. सेरेंगेटी प्रचंड मोठी आहे. उत्तरेचा कॅम्प घेऊन फेब्रुवारीत गेलात तर रिकामा माळ दिसेल.

जानेवारीअखेर ते मार्च कळप दक्षिणेला एनडुटूच्या आसपास असतात. तिथल्या मातीत ज्वालामुखीची राख आहे. तिच्यावरचं आखूड गवत खनिजांनी समृद्ध, दुभत्या माद्यांना नेमकं हवं तसं. फेब्रुवारीत दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं जन्मतात, आणि जन्मल्यावर काही मिनिटांत उभी राहतात. मोकळा माळ, आखूड गवत, त्यामुळे चित्ता आणि सिंहाची शिकारही लांबून दिसते. जूनमध्ये कळप पश्चिमेकडे ग्रुमेती नदीच्या बाजूला विखुरलेले असतात. बघण्यासारखं असतं, पण बेभरवशाचं. ज्या दृश्यासाठी लोक येतात, ते मगरींनी भरलेल्या मारा नदीत उड्या टाकणारे कळप, जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत उत्तरेला कोगातेंडेजवळ. तेव्हा तुमच्या दोन महिन्यांत आमची पसंती फेब्रुवारीला, आणि नदीच हवी असेल तर जून सोडून ऑगस्ट.

नदी ओलांडण्याची वेळ कोणी सांगू शकत नाही. हजारोंचा कळप काठाशी येतो, पुढच्या रांगेतला एक पाण्याला तोंड लावतो, दचकतो, सगळे मागे फिरतात. असं दिवसभरही चालतं. उत्तरेला निदान तीन रात्री हव्यात, आणि चालकाला 'गाडी काठापासून मागे ठेव' असं आधीच सांगा. कडेला गाड्यांची भिंत उभी राहिली की कळप उतरतच नाही.

एप्रिल आणि मे मोठ्या पावसाचे. काळ्या मातीत जीप रुतते, काही कॅम्प बंद असतात, दर मात्र पडतात. लहान विमानाने जाणार असाल तर १५ किलो, आणि तेही मऊ बॅगेत. कडक सुटकेस त्या डिकीत शिरत नाही. गडद निळे आणि काळे कपडे नकोत, त्सेत्से माशा त्या रंगांकडे येतात आणि कापडातूनही चावतात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात. एनगोरोंगोरो या ज्वालामुखीच्या विवराच्या कडेवर, २,३०० मीटरवर, पहाटे स्वेटर लागतो.

प्रश्न : जॉर्डनमध्ये पेट्रासाठी एक दिवस पुरेल का?

'खजिना' नावाची खडकात कोरलेली वास्तू बघून परतायचं असेल तर पुरेल. प्रवेशदारापासून सीकच्या घळीतून खजिन्यापर्यंत दोनेक किलोमीटर चाल. पण पेट्रा त्यानंतर सुरू होतं : थडग्यांची रांग, रंगमंदिर, खांबांचा रस्ता, आणि शेवटी आठशेहून जास्त पायऱ्या चढून 'मठ'. परतीची चाल धरून दहा किलोमीटरच्या वर जाते, वर ऊन. उजेडही दोन वेळांना लागतो. खजिन्यावर ऊन सकाळी नऊ ते अकरा, मठावर दुपारनंतर. एका दिवसात हे दोन्ही गाठायला निघालेला माणूस संध्याकाळी कशाचंच कौतुक करण्याच्या स्थितीत नसतो.

पैशाचं गणितही दुसऱ्या दिवसाच्या बाजूचं आहे. देशात मुक्काम करणाऱ्याला एका दिवसाचं तिकीट ५० दिनार, दोन दिवसांचं ५५. त्याहून चांगला मार्ग म्हणजे जॉर्डन पास : पेट्राचा एक दिवस धरून ७० दिनार, दोन दिवस ७५, तीन दिवस ८०. पास देशात पोचण्याआधी घेतला आणि निदान तीन रात्री राहिलात तर व्हिसाचे ४० दिनारही माफ. पोचल्यावर घेतलात तर ही सवलत गेली.

दारापासून सीकच्या तोंडापर्यंतची घोडेस्वारी 'तिकिटातच आहे' असं सांगतात. ते खरं आहे, पण उतरताना बक्षिसी मागतात. रक्कम चढण्याआधी ठरवा. नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये डोंगरावर पाऊस पडला की घळीत अचानक लोंढा येतो. पहारेकऱ्यांनी बाहेर काढलं तर हुज्जत घालू नका.

प्रश्न : आईवडील सत्तरीचे, दोघांचे गुडघे दुखतात. डोंगर बघायची मात्र फार इच्छा आहे. कुठे नेऊ?

स्वित्झर्लंड, आणि त्यात झेरमाट. गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या नाहीत, आणि गोर्नरग्रात्ची दातेरी रेल्वे ३३ मिनिटांत ३,०८९ मीटरवर नेऊन सोडते. मॅटरहॉर्न समोर, बाक जवळच, चढण नाममात्र. युंगफ्राऊयोख ३,४५४ मीटरवर आहे आणि प्रसिद्धही जास्त, पण तिथे बोगद्यांतून चालणं होतं आणि उंचीही जाणवते. सत्तरीच्या माणसाला थोडं फिरलं तरी गरगरू शकतं. दोन्हींच्या बाबतीत तिकीट आदल्या दिवशी घेऊ नका. वरचे कॅमेरे सकाळी थेट चित्र दाखवतात, आकाश मोकळं दिसलं तरच निघा. ढगात गेलात तर महागड्या तिकिटावर पांढरी भिंत बघून याल. एक दिवस थून किंवा ब्रिएन्झ तलावाच्या बोटीला द्या, तो सगळ्यांत कमी दमवणारा असतो. हृदयाची तक्रार असेल तर तीन हजार मीटरवर जाण्याआधी डॉक्टरांना विचारणं आलंच.

दुसरा पर्याय नॉर्वेच्या किनाऱ्याने बर्गेन ते किर्केनेस जाणारी बोट. देखावा खिडकीशी चालत येतो, सामान रोज उचलावं लागत नाही.

सपाट वाटणाऱ्या काही जागा फसव्या असतात. व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना दोन्ही बाजूंनी पायऱ्या. हॉटेल घेताना 'वापोरेत्तोच्या (तिथल्या प्रवासी बोटीच्या) थांब्यापासून दारापर्यंत पूल किती?' एवढंच विचारा. उत्तर 'एकही नाही' असलं तरच घ्या. लिस्बनचे पदपथ गुळगुळीत झालेल्या दगडी तुकड्यांचे, पावसात घसरडे. सांतोरिनीतल्या कड्यावरच्या खोल्यांना तर दारापर्यंतच साठ-सत्तर पायऱ्या असू शकतात.

प्रश्न : न्यूझीलंडच्या मिलफर्ड साउंड या खाडीला आमच्या दिवशी पावसाचा अंदाज आहे. रद्द करू का?

मुळीच नको. वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणारी ती जागा आहे, कोरडा दिवस मिळेलच असं नाही. कोरड्या दिवशी बोवेन आणि स्टर्लिंग हे दोनच मोठे धबधबे वाहते असतात. पाऊस कोसळत असला की काळ्या कड्यांवरून शेकडो धारा सुटतात आणि थांबल्यावर काही तासांत नाहीशाही होतात. रद्द करण्याचं कारण एकच, रस्ता बंद असणं. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला हिमकडे कोसळण्याच्या धोक्याने तो बंद ठेवतात, तेव्हा सकाळी रस्त्याची स्थिती बघूनच निघा. क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाऊन यायचं तर एका बाजूला चार तास गाडी आहे. ते सोडा, आदली रात्र 'ते आनाऊ' या गावात काढा. तिथून दोन तास. पेट्रोल तिथेच भरा. बारीक सँडफ्लाय चावतात, घोट्यांनासुद्धा औषध लावा. आणि देशात शिरताना माती लागलेले ट्रेकिंगचे बूट, फळं, खाऊ सगळं प्रवेशाच्या घोषणापत्रात नोंदवा. नोंदवलं तर फार तर काढून घेतात किंवा धुऊन देतात, न नोंदवता सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड.